विसावा सामना

बस सकाळी नऊला रुदोवोहून निघाली, तेव्हा निळी टोपी घातलेला ल्युबिशा गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, सामना चारला आहे! आत्तापासून बांधलंत तर पाय सडेल!" सगळी बस हसली. तोही हसला. चौतिसाव्या वर्षी अजून खेळायचं असेल तर एवढं हसून घ्यावंच लागतं.

तो मूळचा सर्बियातल्या निशचा. सोळा वर्षांत सहा देश आणि चौदा फुटबॉल क्लब झाले होते. कुठे एक हंगाम, कुठे अर्धा, सायप्रसला तर तिसऱ्या महिन्यातच नवा कोच आला आणि याचं सामान दारात. आता बल्गेरियातल्या दुसऱ्या विभागातला हा रुदोवोचा खाणकामगारांचा क्लब. करारात एक कलम होतं: हंगामात वीस सामने खेळला, मग भले एक मिनिट का असेना, तर करार एक वर्षाने वाढणार. त्याचे एकोणीस झाले होते आणि आज हंगामातला शेवटचा सामना होता.

करार वाढला की ऑगस्टमध्ये त्याची बायको यास्ना कोसाराला घेऊन रुदोवोला राहायला येणार होती. लेक नऊ वर्षांची झाली, पण बापलेक सलग महिनाभरही एका छपराखाली राहिले नव्हते. यास्नाचं म्हणणं उलट होतं. "पुरे झालं आता. तूच घरी ये. भावाच्या दुकानात फरश्या विक, पण घरी ये." तो दर वेळी म्हणायचा, एकच वर्ष. घरी जायचं म्हणजे आपलं संपलं हे कबूल करायचं, आणि ते त्याच्या जिवावर यायचं.

घाट लागला तसा कोच दाम्यान येऊन त्याच्या शेजारी बसला.

"वरून निरोप आलाय," तो म्हणाला. "तुला एकोणीसवर थांबवायचं. राखीवमध्ये बसवेन, पण उतरवणार नाही."

"कोच, एक मिनिट. शेवटचं एक मिनिट द्या मला."

"मलाही नोकरी टिकवायची आहे रे," दाम्यान म्हणाला आणि उठून पुढे गेला.

फेब्रुवारीपासून एजंट फोन उचलत नव्हता. या दारापुढे दुसरं दार नव्हतं.

वर धुकं होतं. मे महिन्यात असं धुकं पडत नाही, असं ड्रायव्हर स्तामेनकाका दोनदा म्हणाले, आणि त्या बोलण्याच्या नादात त्यांचं वळण चुकलं. त्यांनी ब्रेक मारला आणि मागचा गिअर टाकला, तशी अख्खी बस किंचाळली. सामन्याला जाताना बस मागे घ्यायची नाही, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मागे घेतलीत की हरलात.

गोलकीपर यावोर तर उभाच राहिला. "काका, मागे घेतलीत तर मी इथंच उतरतो! हरलो तर खालच्या विभागात जाऊ आपण!"

"अहो, पुढे मिळेल की वळायला जागा," ल्युबिशाही ओरडला. सवयच ती.

पुढे जागा मिळाली नाही. रस्ता अरुंद होत गेला, फोनची रेंज गेली, आणि पाऊण तासाने धुक्यात चार खांबांवरचे दिवे दिसले. खाली मैदान होतं. चुन्याच्या रेषा ताज्या होत्या.

शिट्टी गळ्यात घातलेल्या माणसाने बसचं दार बाहेरून उघडलं. "उशीर केलात. चला, कपडे करा."

धुक्यामुळे सामना इकडे हलवला असेल, असं दाम्यानने धरलं. विचारायचं कुणाला? कठड्यापलीकडे ओव्हरकोट घातलेली माणसं उभी होती, पण ती कुणाशीच बोलत नव्हती.

समोरच्या संघाचे शर्ट पांढरे, जाड सुती होते. त्यांवर क्लबचं चिन्ह नव्हतं, नंबर हाताने शिवलेले होते. खेळत होते झकास. फक्त आवाज नव्हता. एरवी मैदानावर 'मागे बघ', 'सोड सोड', आईबहिणीवरून शिव्या, असा नुसता कालवा असतो. हे अकरा जण मुकाट धावत होते, आणि चेंडू त्यांच्या पायाला लागला की तोही वाजत नव्हता.

मध्यंतरात यावोर हातमोजे काढत म्हणाला, "कोच, आपल्या तोंडातून वाफ येतेय. त्यांच्या नाही येत. नीट बघा."

"गप बस," दाम्यान म्हणाला. पण त्याने बघितलं.

दुसऱ्या अर्ध्यात प्लामेन, आपला मधल्या फळीचा दांडगा गडी, स्वतःहून चालत बाहेर आला. "सात नंबरवाला माझ्याशी बोलला," एवढंच म्हणाला आणि डोक्यावर टॉवेल ओढून बसला. दाम्यानने राखीव खेळाडूंकडे पाहिलं. ल्युबिशा सोडून बाकी तिघंही आपापले बूट बघत राहिले.

"बस झालं. सामान उचला. निघतोय आपण."

ल्युबिशाने ट्रॅकसूट उतरवला. "कोच, अर्धवट सोडला तर सामना धरणार नाहीत. मला घाला. वर सांगा, दुसरं कुणी तयारच नव्हतं."

"अरे, तुला दिसत नाही का समोर काय आहे ते?"

"मला फक्त वीस दिसतायत," ल्युबिशा म्हणाला. "पाया पडतो तुमच्या. माझी पोर आहे हो."

दाम्यानने मान फिरवली. त्यालाच होकार समजून ल्युबिशा रेषेपाशी गेला. पंचाने वहीत त्याचं नाव लिहिलं. विचारलं नाही, तसंच लिहिलं.

सात नंबरवाला त्याच्याच बाजूला होता. समोरचा दात तुटलेला. ल्युबिशाने तो दात ओळखला. ओग्न्येन. सायप्रसला दोघांची एकच खोली होती. एका हिवाळ्यात ओग्न्येनचा करार संपला, कुठेतरी चाचणी द्यायला म्हणून तो बॅग घेऊन गेला, त्यानंतर कुणाला काही कळलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं. या धंद्यात विचारत नाहीत.

मागचा उंच पोरगा अल्बानियातल्या क्लबमधला. त्याच्या पलीकडचा, मॉल्डोव्हातला. चेहरे सगळे ओळखीचे होते. नावं आठवत नव्हती.

"ओग्न्येन? तू इथं खेळतोस?"

"इथंच. किती झाले तुझे?"

"हा विसावा."

"मग सुटलास," ओग्न्येन प्रेमाने म्हणाला. "इथं कुणाला काढत नाहीत."

शेवटची शिट्टी झाली. आपली पोरं हस्तांदोलन न करताच बसकडे पळाली.

तोही पळाला. गुडघा अजिबात दुखत नव्हता.

बसचं दार लागलं होतं. तो काचेवर हात आपटत राहिला. आत कुणी मान वळवली नाही. यावोर माणसं मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने स्तामेनकाकांना निघायची खूण केली.

खिडकीशी एक माणूस काचेला कपाळ टेकून बसला होता. निळी टोपी, डोळे मिटलेले, दमलेला. गुडघ्याची पट्टी सोडत होता.

बस गेली.

बाकावर त्याचा ट्रॅकसूट तसाच पडला होता. खिशात फोन होता. रेंजची एक काडी दिसत होती. त्याने घरी लावला.

"हॅलो?" कोसाराचा आवाज. जरा जाडसर झालेला.

"कोसा, मी बाबा. आईला दे."

ती हसली. "बाबा तर अंगणात मिरच्या भाजतायत. कोण बोलतंय?"

निशला मिरच्या सप्टेंबरात भाजतात. तो मे महिना होता.

"कोसा, अगं मीच. ऐक माझं—"

"बाबा, बघा ना, कुणीतरी तुमच्यासारखा आवाज काढतंय!"

पावलं वाजली. फोन या हातातून त्या हातात गेला. मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि पोरीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ल्युबिशाच्याच आवाजात, तो माणूस म्हणाला,

"खेळत राहा रे. इकडचं मी बघतोय."