मोकळ्या रस्त्यावरची हाक

रविवारी सकाळी वहिनीने सायकल बाहेर काढली ती एक चष्मा पोचवायला. तिचं चष्म्याचं दुकान होतं, आणि जंगलापलीकडच्या तिसऱ्या गावातल्या गिरणीवाल्या आजोबांचा चष्मा तयार होऊन आठवडा झाला होता. पीठ बारीक पडतंय की जाडं, हे बिचारे बोटांनी चाचपून ठरवत होते. आता भुताखेताची गोष्ट म्हणून तुम्ही लगेच अंधार, घुबड असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. जे झालं ते सकाळी साडेदहाला, लख्ख उन्हात झालं. म्हणून तर ते अजून पचत नाही.

पूर्वी ती ज्या सायकलवाल्यांच्या टोळीबरोबर फिरायची, त्या टोळीत तिची नणंदही होती. ती सारखी ‘वहिनी, वहिनी’ करायची, म्हणून सगळी टोळीच या चष्मेवालीला वहिनी म्हणू लागली, अगदी सत्तरीचे कॅप्टनसुद्धा. कॅप्टन काही कधी सैन्यात नव्हते बरं का, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण रुबाब असा की फौज मागे उभी आहे.

या टोळीचा लाडका रस्ता म्हणजे लाकडं वाहून न्यायचा जुना जंगलरस्ता. दोन्ही टोकांना आडवे खांब टाकून गाड्या बंद केलेल्या. बत्तीस किलोमीटर गुळगुळीत डांबर, त्यावर फक्त सायकली, वाळलेली पानं आणि एखादी चुकार गाय. तो नदीच्या कडेने जातो, झाडांत शिरतो, गावांच्या परसांमागून निघतो. फक्त एका जागी, दुसरं गाव संपल्यावरच्या वळणावर, मोठा हमरस्ता त्याला आडवा कापून जातो. तिथे झाडी इतकी दाट आणि हमरस्त्याला उतार असा, की ट्रक अंगावर येईपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत नाही.

त्या वळणासाठी टोळीची एक पद्धत होती. पुढच्याने थांबून दोन्हीकडे बघायचं आणि रस्ता रिकामा असला की ओरडायचं, “मोकळा!” मागच्यांनी मग मान वर न करता सुसाट निघून जायचं, म्हणजे चढावर राखलेला वेग वाया जात नाही. तुम्हाला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या मागच्या चाकावर नजर ठेवून चालणाऱ्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अकरा महिन्यांपूर्वी पुढे होती वहिनी. “मोकळा!” ऐकून नणंद निघाली आणि टेम्पोने तिला उडवलं. मांडीचं हाड तीन जागी मोडलं, आत सळई बसवावी लागली.

“मी ओरडलेच नाही,” वहिनी छातीठोकपणे सांगत राहिली. “मला टेम्पो समोर दिसत होता, मी कशी ओरडेन?”

पण नणंदेने ऐकलं होतं. कॅप्टननी ऐकलं होतं. आवाज वहिनीचा, आणि शेवटचा ‘ळा’ लांबवायची खोडही तिचीच. टोळीने तिला काढलं नाही, नुसतं बोलवायचं बंद केलं. घरात नणंद तिच्याशी गोड बोलायची, परक्या पाहुणीशी बोलावं तशी, आणि ते वहिनीला जास्त झोंबायचं. त्याहून वाईट म्हणजे तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना ती मध्येच विचारायची, “मी आत्ता काही बोलले का हो?”

तर त्या रविवारी ती निघणार, एवढ्यात नणंद हेल्मेट घालून दारात उभी.

“मी येतेय.”

“अगं, डॉक्टर काय म्हणाले?”

“सायकल चालवा म्हणाले. कुठे चालवा ते नाही म्हणाले.” मग खाली बघत ती म्हणाली, “वहिनी, मला एकदा तिथून जायचंय. तुझ्याच मागून.”

नाही म्हणावं तर जन्माचा संशय, हो म्हणावं तर... पण ती हो म्हणाली. वळणावर दोघींनीही उतरायचं, असं ठरलं.

पहिले दहा किलोमीटर काय सुखात गेले! नदीवर धुकं होतं, ओल्या मातीचा आणि कापलेल्या गवताचा वास होता. पहिल्या गावात एक बाई कुंपणावर चादर झटकत होती, तिने हात केला. नणंदेचा पाय सुरुवातीला कुरकुरत होता, मग लागला कामाला. ती मागून ओरडली, “वहिनी, जरा हळू, मी म्हातारी झालेय!” अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात थट्टा होती. वहिनीला रडूच आलं, पण ती पुढे असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

दुसरं गाव मागे पडलं आणि चढ सुरू झाला. इथे झाडं अंगावर येतात. पाखरं गप्प झाली. चेनची करकर तेवढी ऐकू येत होती, आणि कुठून तरी ओल्या, कुजक्या पानांचा वास... वहिनीच्या मनात एकच भीती होती. आपलं तोंड आपल्या नकळत बोलतं की काय? सवयच ती. तसं असलं तर आज पुन्हा...

वळण दिसताच तिने बाटली काढली, तोंडभर पाणी घेतलं आणि ओठ मिटले. लोक मूग गिळतात, तिने पाणी धरलं. आता बोलायचं म्हटलं तरी शब्द फुटणार नव्हता. हमरस्त्याच्या कडेला येऊन तिने पाय टेकला आणि उजवीकडे बघितलं. झाडांच्या फटीतून, उतारावरून, लाकडांनी भरलेला ट्रक येत होता. त्याचा आवाज नव्हता.

आणि समोरून, रस्त्यापलीकडच्या सावलीतून, हाक आली.

“मोकळाऽ!”

वहिनीने ती ओळखली. तिचाच आवाज होता. तोच लांबवलेला ‘ळा’.

मागून नणंद येत होती. चढाने दमलेली, मान खाली, नजर वहिनीच्या मागच्या चाकावर. उतरायचं ठरलं होतं, पण ती हाक कानावर पडली आणि पायांना पंधरा वर्षांची सवय आठवली. ती वहिनीच्या शेजारून जोरात पुढे निघाली.

ओरडायला तोंड कुठे होतं? वहिनीने सायकल टाकून दिली आणि नणंदेच्या पाठीवर झेप घेतली. हातात जर्सी आली, ती दोन्ही मुठींनी ओढली. दोघी सायकलीसकट कडेच्या पाचोळ्यात आडव्या झाल्या. ट्रक वाऱ्यासारखा समोरून गेला. अंगावर सालपटांचा भुसा उडाला, मग सगळं शांत झालं.

नणंद धापा टाकत वळली. तोंडाशी तोंड होतं वहिनीचं. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे वटारलेले.

आणि पलीकडून, लाडिक आवाजात...

“ये ना गं... मोकळा आहे...”

नणंदेने त्या फुगलेल्या गालांकडे बघितलं. मग रस्त्यापलीकडे. मग पुन्हा गालांकडे. तिने बोट वहिनीच्या ओठांना लावलं.

“वहिनी... तू नाहीस...” ती कुजबुजली. “तू नव्हतीसच...”

तेव्हा कुठे ते पाणी सुटलं. अर्धं नणंदेच्या तोंडावर, अर्धं नाकातून. वहिनी उठली, कमरेवर हात ठेवले आणि अकरा महिन्यांचा सगळा राग त्या झाडीवर काढला.

“अगं ए भवाने! माझा आवाज चोरतेस? माझ्या माणसाला बोलावतेस? ये की समोर! एकदा दिसू दे तुझं थोबाड, नाही फोडलं तर बघ!”

झाडीतून काहीच आलं नाही. नणंद पाचोळ्यात बसून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. “माफ कर गं,” असं ती म्हणत होती. वहिनीने तिला ओढून उभं केलं आणि इतकं घट्ट धरलं की हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. मग दोघींनी आपापल्या डोळ्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हातात हात घालून, सायकली ढकलत, ऐटीत रस्ता ओलांडला. गिरणीवाल्या आजोबांना चष्मा मिळाला. तो लावून ते म्हणाले, “काय गं पोरींनो, काही जिंकून आलात काय?”

संध्याकाळपर्यंत नणंदेने टोळीतल्या एकेकाला फोन करून झाडलं. कॅप्टन स्वतः दुकानात आले आणि टोपी काढून म्हणाले, “वहिनी, चुकलो. पुढच्या रविवारी तुम्ही पुढे.”

पुढच्या रविवारी नऊजण निघाले, पुढे वहिनी. नवा नियम तिनेच केला होता. ‘मोकळा’ हा शब्द यापुढे कुणी उच्चारायचा नाही. ज्याने त्याने उतरून स्वतः बघायचं. आणि वहिनीची एकच हाक मानायची, ‘थांबा!’ ती ऐकली की विचार करायचा नाही, जिथे असू तिथे ब्रेक दाबून पाय टेकायचा. वाटेत तिने दहा-बारा वेळा सराव करून घेतला. वळणावरही दोनदा घेतला. नऊच्या नऊ सायकली एका दमात उभ्या राहायच्या. कॅप्टन म्हणाले, “वा! फौज तयार झाली!”

सगळ्यांनी बघून रस्ता ओलांडला. झाडी मुकी होती. परतीच्या वाटेवरही तेच, काही नाही. गाणी, टाळ्या, नणंद सगळ्यांच्या पुढे, तिला आता कोण धरणार! वहिनी मुद्दाम शेवटी राहिली. आपली माणसं एकामागून एक सुखरूप पलीकडे जाताना तिला डोळे भरून बघायची होती. आठवी सायकल पलीकडे गेली. मग तिने दोन्हीकडे बघितलं आणि निघाली. ती हमरस्त्याच्या बरोबर मधोमध आली असेल, तेव्हा मागच्या पाचोळ्यातून तिला अगदी हळू आवाज आला. नवा धडा पाठ करताना अडखळावं, तसा.

“था... थां... थांबाऽ...”

तोवर वहिनीच्या बोटांनी ब्रेक दाबला होता.