काळ्या तुसाचा रंग

नेहमीचं झेरॉक्सचं दुकान बंद होतं म्हणून रंजिता शहापूर स्टँडसमोरच्या दुसऱ्या दुकानात शिरली, एवढंच निमित्त. डोळखांबला बियाण्यांचं प्रदर्शन होतं. भाताचे पाच वाण आणि कुठला गुंठ्याला किती पिकला, याचा चार्ट तिला छापून हवा होता. कॉम्प्युटरवर बसलेल्या आदेशने फाइल उघडली आणि तो गालातल्या गालात हसला.

"पाचही खांब निळे... तुमच्याकडं निळं भात पिकतं?"

"मी नाय, कॉम्प्युटरनं दिलाय तो रंग."

मग त्याने समजावलं, आकड्यांची रांग एकच असली की कॉम्प्युटर सगळ्यांना एकच रंग देऊन मोकळा होतो. पण एकेक खांब निवडून हवा तो रंग भरता येतो. रंजिताला भिमीआत्या आठवली. आत्याला अक्षर येत नाही, पण तूस पाहून भाताचं नाव सांगते. रंग खरे असते तर तिलाही हा चार्ट वाचता आला असता.

दुसऱ्या दिवशी रंजिता भाताच्या पाच पुड्या घेऊन हजर. काळ्या तुसाचा रंग काही जमेना. आदेश दाणा पडद्याजवळ धरायचा, ती म्हणायची, अजून जरा तांबूस... त्या एका रंगाला तीन दिवस लागले. खरं तर तो पहिल्याच दिवशी जमला होता. दोघांनाही ते कळलं होतं आणि दोघंही गप्प होते.

शनिवारी उरलेल्या शेतांचे आकडे आले. ते भरता भरता आदेशने सांगितलं, सोमवारपासून तो इथे नसेल, गावी टोकावड्याला स्वतःचं दुकान उघडतोय. त्याने आकडे उतरत्या क्रमाने लावले. नावं इकडची तिकडे झाली — रंग मात्र हलले नाहीत. काळं भात सोनेरी होऊन बसलं.

"रंग जागेला चिकटतात, नावाला नाय," तो म्हणाला.

"माणसांचं पण तसंच असेल," पडद्याकडेच बघत रंजिता म्हणाली. "जागा बदलली की..."

पुढचं तिला बोलवेना. त्याने पाचही खांब पुन्हा रंगवले, कागद तिच्या हातात दिला. ती मागे न बघता निघाली, कारण डोळे भरून आले होते.

सोमवारी प्रदर्शनात भिमीआत्या चार्टपुढे उभी राहिली आणि एकेका खांबावर बोट ठेवत तिने पाचही भातं ओळखली. रंजिता हरखली. हे सगळ्यात आधी ज्याला सांगावंसं वाटलं, तो दारातच उभा होता! नव्या दुकानाला पहिल्याच दिवशी कुलूप लावून, दोन गाड्या बदलून आलेला.

"मी कॉम्प्युटरचं सांगितलं होतं," आदेश हळूच म्हणाला. "माझं नाय. मी नावालाच चिकटलोय... तुमच्या."

आत्याचं बोट चार्टवरून उठलं आणि त्याच्याकडे वळलं.

"आन हा कोनाचा गो?"

रंजिता लाजली, पण या वेळी गप्प राहिली नाही.

"माझा, आत्या."