सरांच्या वहीतला शेवटचा गुरुवार

देवणीत त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं की मंजुश्रीला स्वतःच्या चपला दिसेनात. सातची उदगीर गाडी गाठायची म्हणून ती पळत निघाली होती, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ओढणी… आणि अमृतराव सरांच्या घराच्या कोपऱ्यावर ती कुणावर तरी धाडकन आदळली. डबा वाजला, पाण्याचा तांब्या कलंडला. समोर एक तरुण उभा होता. हातात ओलं फडकं आणि खडू.

“दिसत न्हाई का?” ती फणकारली.

“न्हाई,” तो शांतपणे म्हणाला. “तुमाला दिसून राहिलंय का?”

तिला हसू येणारच होतं, पण तेवढ्यात नजर भिंतीकडे गेली आणि ते ओठांतच राहिलं. भिंतीवरच्या फळ्यावर ताजी अक्षरं होती. ‘रन इन्टू – अचानक गाठ पडणे.’ अक्षर सरांचं होतं. आणि सर तर श्रावणातच गेले होते!

अमृतराव सरांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. घराच्या भिंतीवर काळा रंग देऊन त्यांनी फळा केला होता आणि त्यावर रोज एक इंग्रजी वाक्प्रचार, खाली मराठी अर्थ. अर्ध्या देवणीचं इंग्रजी त्या भिंतीवरून खाली उतरलेलं. सर गेल्यावर तीन आठवडे फळा कोरा राहिला आणि एका सकाळी अक्षरं पुन्हा उमटली. तोच तिरपा हात, तीच लांब शेपटीची वळणं. लिहिणारा कुणाला दिसला नाही. काही जण तिथून हात जोडून जाऊ लागले, काहींनी वाटच बदलली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

“तुमी लिवता हे?” मंजुश्रीनं आवाज खाली आणून विचारलं.

“हाव.”

“अक्षर तर सरांचं हाय.”

“सरांनीच गिरवून घेतलंय. लई छड्या खाऊन आलंय ते. अन् शब्द बी त्यांचेच.”

त्याचं नाव रविकिरण. धर्माबादचा. शिकायला म्हणून सरांच्या घरी आला, तो वरच्या खोलीत राहिलाच. आता उदगीरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा. जाण्याआधी सरांनी त्याच्या हाती एक वही दिली होती. पानोपानी तारीख, भाद्रपदापासून पुढची, आणि तारखेपुढे एक वाक्प्रचार. रोज त्या दिवसाचा लिहायचा, पुढचं पान उघडायचं नाही आणि एकही दिवस चुकवायचा नाही, असं वचन घेऊन सर गेले.

मंजुश्री उदगीरच्या एका दवाखान्यात रिसेप्शनला होती. नव्या डॉक्टरीणबाईंना इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती, त्यामुळे फळ्याची तिलाही गरज होतीच. दुसऱ्या दिवसापासून ती घरून अर्धा तास आधी निघू लागली. इंग्रजीसाठी, असं ती आईला सांगायची. आई काही दुधखुळी नव्हती, पण डबा अर्धा तास आधी भरून द्यायची.

“लुक फॉरवर्ड टू. आतुरतेनं वाट बघणे,” रविकिरण फळ्यावर खडू टेकवत म्हणायचा. “करा वाक्य. कशाची वाट बघता?”

“गाडीची.”

“गाडी सातची हाय. तुमी साडेसहालाच?”

“मला… लवकर वाट बघायची सवय हाय.”

तो हसायचा तेव्हा तोंडातून वाफ निघायची आणि ती करायचं वाक्य विसरायची. दारात कमलम्मा खुर्ची टाकून बसलेल्या असायच्या. सरांच्या पत्नी. माहेर बिदरकडचं, म्हणून अख्खी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. कपाळभर विभूती, अंगावर सरांची शाल. फळा लिहून झाला की रविकिरण त्यांना तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. अव्वा मान डोलवायच्या, गालात हसायच्या आणि मंजुश्रीला म्हणायच्या, “बा ग पोरी, कुंद्रू.” ये, बस. कानडीतलं एवढं तिला कळायचं.

आणि मग ते सुरू झालं.

फळ्यावर ‘फॉल आउट – भांडण होणे’ आलं आणि त्याच दिवशी दोघांचं भांडण झालं. कारण विचाराल तर शेंगदाण्याएवढं: तिला गाडीपर्यंत सोडायला आला आणि कंडक्टरसमोर तिच्या उच्चारांना हसला. दोन दिवस ती फळ्याकडे न बघता गेली. तिसऱ्या दिवशी ‘मेक अप – समेट होणे’, आणि खाली तो कागदात गरम हुरडा घेऊन उभा. हेही ठीक. पुढच्या सोमवारी ‘कम डाउन विथ – आजारी पडणे’ वाचून ती गाडीत बसली आणि संध्याकाळी फणफणून तापली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, मान्य. पण दर वेळी?

“रविकिरण, ही वही आपल्यावर लिवलीय,” ताप उतरल्यावर ती म्हणाली. तिला खरंच भीती वाटत होती. “पुढचं काय हाय?”

“पुढचं बघायचं न्हाई. वचन हाय.”

“वचन तुमी दिलंय. मी न्हाई.”

तिनं वही ओढून घेतली. पानांना विभूतीचा वास होता. बुधवारचं पान उलटलं. पुढे गुरुवार, सरांच्या तिरप्या अक्षरात: ‘पास अवे – निघून जाणे. याला मरणे म्हणू नये.’ तिनं घाईनं पान उलटलं. कोरं. त्यापुढचंही कोरं. वहीच्या शेवटापर्यंत तारखासुद्धा नव्हत्या.

गुरुवारी त्याची नांदेडला मुलाखत होती. कायमची नोकरी, साडेदहाची वेळ. उजाडताना मोटारसायकलवर निघायचं आणि वाटेत जळकोट, मुखेडकडून उसाच्या ट्रॉल्या. मागे दिवा नाही की काही नाही. धुक्यात ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावरच.

“नको जाऊस,” ती म्हणाली.

“…‘तू’ म्हणालीस मला.”

“विषय बदलू नको. अन् उद्याचं लिवू बी नको.”

“येडी हायस. इंग्रजीची वही हाय ती, पंचांग न्हाई.” तो हसला खरा, पण आज तोंडातून वाफ काही निघाली नाही. “सरांला शब्द दिलाय, मंजू. लिवणार अन् जाणार.”

गुरुवारी ती सहाला आली तेव्हा तो निघून गेला होता. धुकं भिंतीला चिकटून होतं. फळ्यावर अक्षरं होती, ओली अन् ठळक. तिनं एकदाच वाचलं आणि ओढणीनं फळा पुसून काढला. कोपरा न् कोपरा. पुसताना तिला रडू फुटलं. हा माणूस तिला हवा होता. कालपर्यंत हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

“कामून पुसलंस?”

अव्वा दारात खुर्चीवर बसल्या होत्या. तिला चाहूलही लागली नव्हती.

“अव्वा, ते… रविकिरणसाठी होतं. आजवर जे लिवलं ते समदं आमच्यावर आलं. गाठ पडली, भांडलो, मला ताप आला…”

अव्वा हसल्या. दात नव्हते, तरी हसू छान होतं.

“गाठ पडली त्या दिशी माझी धाकली बहीण आली होती बिदरहून. सात वर्सानं. भांडण माझं सुनेसंगं झालं, फोनवर. समेट बी झाला. अन् त्या सोमवारी मी तापले न्हाई होय? दवा तर तुझ्याच दवाखान्यातून आणली रविनं.” त्यांनी शाल सारखी केली. “तरण्या लोकांला समदं आपल्यासाठीच लिवलंय वाटतं ग. चाळीस वरीस हा माणूस सकाळी मला वाचून दावायचा, अन् मग बाहीर जायचा. जाताना म्हणला, कमल, एक वरीस बी तुला एकटी सोडत न्हाई. आज रवि वाचून न दावताच गेला. काय लिवलं होतं?”

मंजुश्रीनं सांगितलं. अर्थही सांगितला, अडखळत.

अव्वांनी पुसलेल्या फळ्याकडे पाहिलं. मग एखादं आवडतं माणूस वेळेवर आल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला.

“लिव परत. माझं हाय ते.”

मंजुश्रीच्या हातातला खडू दोनदा मोडला. अव्वांचं खरं की आपल्या मनातलं खरं, तिला कळत नव्हतं. म्हातारीची समजूत काढावी तर रविकिरणचं मरण आपणच लिहितोय असं वाटत होतं. पण अव्वा वाट बघत होत्या. तिनं लिहिलं. मोठ्यानं वाचलंही. मग सातची गाडी धरली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दवाखान्यातून तिनं त्याला फोन लावला. वाजत राहिला. आठ वाजता, नऊ वाजता, अकरा वाजता. कुणी उचलला नाही. बारा वाजता तिनं डॉक्टरीणबाईंना चांगल्या इंग्रजीत सुट्टी मागितली. कधी नव्हे ते वाक्य न अडखळता आलं, पण त्याचा आनंद व्हायला जागाच नव्हती. देवणीत उतरून ती सरांच्या गल्लीत शिरली आणि चालता चालता पुन्हा फोन लावला.

फोन समोरच वाजला.

अव्वांच्या दारात. अव्वा खुर्चीवर तशाच बसलेल्या, फळ्याकडे तोंड करून, कपाळावर ताजी विभूती. मांडीवर रविकिरणचा फोन थरथरत होता आणि अव्वांचे हात त्यावर शांत पडले होते. तो सकाळी फोन इथेच विसरला होता. मंजुश्रीनं अव्वांच्या हाताला हात लावला. थंड होता. तिच्या तोंडून किंकाळी निघाली, आणि गल्ली धावत आली.

रविकिरण चारला परतला, धुळीनं माखलेला, धडधाकट. अंगणात माणसं जमली होती. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अव्वांना बसवूनच फुलांनी सजवणं चाललं होतं. तो उंबऱ्याशी पोचायच्या आत मंजुश्रीनं साऱ्या गल्लीदेखत त्याची बाही धरली.

“अव्वा गेल्या,” ती म्हणाली. “अन् त्यांच्या थंड हाताला हात लागला तवा पहिल्यांदा मला बरं वाटलं. गेला तो तू न्हाईस म्हणून बरं वाटलं. लई वाईट हाय मी, रवि.”

त्याचे डोळे लाल झाले होते.

“मुलाखत हुकली माझी,” तो म्हणाला.

“कामून?”

“जळकोटच्या पुढं चहाच्या टपरीवर थांबलो. धुकं उठंस्तोवर. तीन तास. तुला हसलो काल, पण आज पुढं जायचा धीरच होईना. नांदेडला पोचलो तवर मुलाखती आटपल्या होत्या. मला मरायचं नव्हतं. तुझ्यासंगं बोलायचं राहिलं होतं.”

“मग बोल.”

“इथं? आता?”

“अव्वा ऐकून राहिल्यात. बोल.”

त्यानं आत बसलेल्या अव्वांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चाळीस जणांसमोर, कुठलाही वाक्प्रचार न वापरता, त्यानं विचारलं, “मंजू, माझ्यासंगं लगीन करतीस?”

“हाव,” ती म्हणाली.

मग दोघं आत गेले आणि अव्वांच्या पायाशी बसले.