अठ्ठ्याऐंशीवं पान

माझ्या नवऱ्याच्या, शिगेकीच्या, यात्रेच्या पुस्तकात अठ्ठ्याऐंशीपैकी सत्त्याऐंशी देवळांचे शिक्के होते. शेवटचं पान कोरं ठेवून तो गेला. आमच्या शिकोकू बेटावर यात्रा पुरी झालेलं पुस्तक गेलेल्या माणसाबरोबर देतात, म्हणजे पुढची वाट सुखाची होते म्हणे. शवपेटीत अपुरं पुस्तक ठेवायला मी साफ नकार दिला. उद्या त्याला जाऊन एकोणपन्नासावा दिवस, अस्थी थडग्यात जाणार. त्यांच्याबरोबर पुस्तक द्यायचं तर माझ्याकडे आजचाच दिवस होता.

"सत्त्याऐंशी काय नि अठ्ठ्याऐंशी काय, वहिनी, तिकडे कोण मोजायला बसलंय?" दीर तोकुजी म्हणाला. "गुडघे बघा स्वतःचे. निदान बसने तरी जा."

"मी मोजते," म्हटलं. चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. आणि शिगेकी सगळी देवळं पायी फिरला, मग शेवटचं मी बसने कसं गाठू?

डोंगराची वाट ओल्या पानांनी निसरडी झाली होती. दुसऱ्या चढापासून पुढे कुठेतरी यात्रेकरूच्या काठीची घंटी वाजू लागली. मी दम खायला टेकले की ती थांबायची, उठले की वाजायची. वळणावर मात्र कुणी दिसायचं नाही. धुक्यात आवाज फसवतो, अशी मनाची समजूत घालून मी तिच्यामागे पाय ओढत राहिले.

शिक्क्यांची खिडकी पाचला बंद होते. पोचले तेव्हा पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. तरी खिडकी उघडी होती आणि आतली बाई कुंचला शाईत बुडवून बसली होती.

"तुमचे यजमान मघाशी येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणाले, जरा थांबा, गुडघे दुखतात तिचे, पण ती येणारच. पुस्तक तिच्याकडे आहे."

मी पुस्तक उघडून पुढे सरकवलं. तिने काळ्याभोर अक्षरांनी पान भरलं, वर तीन लाल शिक्के दाबले. अठ्ठ्याऐंशी. मी तिथेच ढसाढसा रडले आणि हसलेही. इतकं जिंकल्यासारखं मला जन्मात वाटलं नव्हतं.

परतताना मात्र बस घेतली आणि पानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसले.

यात्रा पुरी झाली की आभार मानायला पहिल्या देवळात जातात. दुसऱ्या खेपेला अक्षरं लिहीत नाहीत, जुन्या शिक्क्यांवरच नवे मारतात. ते देऊळ इथून चाळीस किलोमीटर.

पहिल्या पानावर शिक्क्यांवर शिक्के होते. सकाळी नव्हते.

वरच्यांची लाल शाई माझ्या अंगठ्याला लागली.