उजवीकडची खुर्ची

मी जुनी पुस्तकं दुरुस्त करतो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन टेबलं आहेत, एक माझं आणि एक काकांचं. काका नात्याचे नव्हेत; माझ्याआधी पंचवीस वर्षं तिथे पुस्तकं शिवत बसलेले कारागीर. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी स्टुलावर चढून माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट स्वतःच्या हातानं काढली. ट्यूब फडफडली की मला फिट येते. इतरांना ती फडफड दिसतही नाही. मला मात्र डोळे मिटूनही टोचते. कागद फाटल्याचा आवाज दातांत शिरतो. डिंकाचा डबा उघडला की त्याची चव थेट जिभेवर येते. म्हणून टोपी, गडद चष्मा आणि कानांत कापसाचे बोळे. "निघाले हिरो शूटिंगला," काका रोज म्हणायचे.

फिट यायच्या आधी मला चाहूल लागते. आधी ओल्या पाटीचा वास. मग उजेड दाट होतो, गढूळ पाण्यासारखा. आणि मग माझ्या उजव्या हाताला कुणीतरी खुर्ची ओढतं आणि बसतं.

वास आणि उजेड मी डॉक्टरीणबाईंना सांगितले होते. अपस्मारात असं होतं, म्हणाल्या, आणि वहीत तारीख-वेळ लिहायला लावली. खुर्चीचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. फिट येणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. शेजारी कुणीतरी येऊन बसतं म्हणणाऱ्याला घेत नाहीत.

ताईलाही सांगितलं नव्हतं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो, दोन खोल्यांत. एका रविवारी सकाळी ती वाटाणे सोलत होती. मध्येच तिचा हात थांबला. ती माझ्याकडे नाही, माझ्या उजव्या बाजूला पाहत होती.

"खाली बस," ती म्हणाली.

"का?"

"बस म्हटलं ना!"

मी बसलो. मग वास आला.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याखाली उशी होती, कुठे खरचटलंही नव्हतं. दुपारी मी तिला खोदून खोदून विचारलं. वाटाणे कधीच संपले होते. ती रिकाम्या सालींतून बोटं फिरवत राहिली.

"खुर्ची ओढल्यासारखा आवाज येतो," ती म्हणाली. "तुझ्या उजव्या बाजूला. गेले दोन महिने. मला वाटलं, मलाही तुझंच लागतंय की काय."

मी पुराव्यावर विश्वास ठेवणारा माणूस. माझ्या चेहऱ्यावरचं काहीतरी तिला नकळत दिसत असणार, असं मी धरून चाललो आणि ते तपासून पाहायचं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसायचो. मधलं दार बंद, दोघांच्या हातात वही; खुर्चीचा आवाज आला की वेळ टिपायची. पाच आठवड्यांत दोन फिट आल्या. पहिल्या वेळी माझ्या वहीत दहा बेचाळीस होते, तिच्या वहीत दहा चाळीस. दुसऱ्या वेळीही तेवढाच फरक. मला ऐकू यायच्या दोन मिनिटं आधी तिला ऐकू येत होतं.

खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांनी माझं जगणं सोपं केलं. ती हाक मारायची, मी आडवा व्हायचो. घरात तरी कपाळ फुटायचं थांबलं. बाकी विचार मी केला नाही.

मग बाईंनी औषध बदललं आणि नवी गोळी लागू पडली. एक महिना गेला, चार गेले. फिट नाही, वास नाही, खुर्ची नाही. मी चष्मा घरीच ठेवून कामावर जाऊ लागलो. एक दिवस परतलो तर तो ताईच्या डोळ्यांवर होता. पडदे ओढलेले. भिंतीवरचं घड्याळ काढून चादरीत गुंडाळून कपाटात ठेवलेलं.

"टिकटिक सहन होत नाही," ती म्हणाली.

"डोकं दुखतंय का?"

"आवाज थांबलेला नाही रे. आता रोज येतो."

"मग मला फिट का येत नाही?"

"तुझ्याजवळ नाही बसत आता." असं म्हणून ती थोडी डावीकडे सरकली, बाकावर दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी.

बाईंनी तिच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला. स्वच्छ. भावाचं करून करून थकल्या आहेत, म्हणाल्या, विश्रांती द्या. ताई दिवसेंदिवस वाळत चालली. नऊ वर्षं घरातल्या प्रत्येक फिटच्या वेळी ती माझं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. लग्नाचं विचारायला आलेल्या दोघांना तिनं "आधी याचं बघू दे" म्हणून परत पाठवलं होतं. आता ती भाकरीचा तुकडा मोडला तरी त्या आवाजानं दचकायची.

म्हणून मी गोळ्या बंद केल्या. एकदम बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं, हे बाईंनी दहादा बजावलं होतं. ताईला कळू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, स्वयंपाकघरात, वास आला.

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

उजेड दाट झाला. उजवीकडे फरशीवर खुर्ची करकरली.

"इकडे ये," मी मोठ्यानं म्हणालो. "इथेच बस. तिला सोड."

पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. तोंडात रक्ताची चव. माझं डोकं ताईच्या मांडीवर. तिच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. खिडकी सताड उघडी होती, बाहेर कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, आणि तिच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसत होता.

सुटली, असं मनात आलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

ताई माझ्यावर वाकली. ती आता माझ्या उजवीकडे नाही, थेट माझ्या डोळ्यांत पाहत होती. जन्मापासून मला अरे-तुरे करणारी, रागावली की 'गाढवा' म्हणणारी माझी ताई.

"बरं वाटतंय का आता तुम्हाला?" तिनं अदबीनं विचारलं.