डाव्या सीटचा पट्टा

हे कुणाला पटवायला लिहीत नाही. त्या वेळी स्टिअरिंगवर मी स्वतः होतो, एवढंच सांगतो.

गेल्या जानेवारीतली सकाळ. शहादा-प्रकाशा रस्ता. धुकं इतकं, की पुढची उसाची ट्रॉली नुसत्या लाल दिव्यावरून कळायची.

माझा मावसभाऊ कुंदन म्हसावदचा. त्याच्याकडे एकाच जपानी टर्बो सेडानच्या दोन पिढ्या. जुनी त्याच्या मोठ्या भावाची, चुनीलालदादाची. नवी कुंदनने घेतलेली.

दादा आता नाही. छातीत दुखायला लागलं तेव्हा कुंदननेच त्याला जुन्या गाडीत डाव्या सीटवर बसवलं आणि दवाखान्याकडे पळवलं.

दादा वाटेतच गेला...

जुनी विकायची ठरली होती. सुरतचं गिऱ्हाईक येणार होतं. त्याआधी दोन्ही एकदा सोबत चालवून बघू, असं कुंदन म्हणाला. खरं तर विकायचं त्याचं मनच होत नव्हतं.

आधी मी जुनी घेतली. स्टिअरिंग जड. टर्बो उशिरा जागा होतो, मग एकदम पाठ सीटला चिकटते. शिट्टी थेट कानात.

पण गाडी जराशी डावीकडे झुकत होती...

वाटलं, सस्पेन्शन थकलं असेल.

प्रकाशाच्या अलीकडे आम्ही गाड्या बदलल्या. नवी लोण्यासारखी. टर्बो कधी लागला कळतही नाही. काचा लावल्या की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही.

म्हणूनच ते लगेच ऐकू आलं...

टिंग... टिंग... टिंग...

समोर लाल खूण. डाव्या सीटचा पट्टा लावलेला नाही.

सीट रिकामी होती.

हात फिरवून पाहिला. पिशवी नाही, काही नाही. सीट गार... आणि मधोमध दबलेली.

जुन्या गाडीला ही सोयच नव्हती. तिच्यात कुणी बसलेलं असलं, तरी ती सांगणार नव्हती.

फोन वाजला. कुंदन.

"भाऊ, गाडी आज एकदम हलकी चाली ऱ्हायनी. तू काय करं तिले?"

टिंग... टिंग... चालूच होतं.

"भाऊ? तो आवाज कसाना शे?"

"पट्टाना... डावी सीटना."

"कोन शे तुन्हा संगे?"

"कोनीच नही, कुंदन."

पलीकडे जुन्या टर्बोची शिट्टी उतरत गेली.

तापीच्या पुलाआधी त्याने गाडी बाजूला घेतली. मीही थांबलो. कुंदन माझ्याकडे आला, नवीचं डावं दार उघडलं. त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. डोळे भरलेले.

"दादा, पट्टा लाई ले," तो हळूच म्हणाला. "आते आपन हयू हयू जाऊत. घाई नही शे."

आणि दार लोटलं.

खट्...

टिंग थांबलं.

पट्टा लागलेला होता. कुंदन बाहेर होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

जुनी गाडी सुरतला गेली. नवीची वायर न् वायर मेकॅनिकने तपासली, बिघाड सापडला नाही. कुंदनची बायको, ममतावहिनी, आता मागेच बसते.

परवा कुंदन मला घ्यायला नंदुरबारला आला होता. मी सवयीने डावं दार ओढलं.

उघडेना.

"लॉक नही शे भाऊ," आतून कुंदन म्हणाला.

मी मागे बसलो. घर येईपर्यंत पुढच्या सीटकडे पाहायची हिंमत झाली नाही.