पहिल्या हाकेला ओ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या दिवसापासून मी मासे सोडलेत, आणि मी रोह्याचा माणूस आहे. एवढा पुरावा पुरे.

मार्च १९९८. भर दुपार, साडेतीनची वेळ. पेणजवळ खाडीकाठच्या एका कंपनीच्या पॉवर हाऊसमध्ये मी टेक्निशियन होतो. वाफ थंड करायला खाडीचं पाणी ज्या लोखंडी टाकीतून फिरतं, ती वर्षातून एकदा आत उतरून साफ करायची.

घाण म्हणजे काय, ते तिथे कळतं. गुडघाभर काळा लगदा. त्यात सडलेले मासे, मेलेले खेकडे. आंघोळ करून भाकरी मोडली तरी बोटांना तोच वास.

आत केरू होता. मिठागराकडच्या गावचा, कंत्राटी कामगार. त्याची एक खोड होती. हाक मारली की लगेच ओ द्यायचा नाही.

"बहिरा आहेस का रे?" मी चिडवायचो.

"नाय रघूदादा. आमच्यात तिसऱ्या हाकेलाच ओ देतात. पयल्या दोन कुनाच्या असतील, काय सांगावं?"

आमचा नियम वेगळा. झाकण लावण्याआधी आत तोंड घालून हाक मारायची. आतून ओ आला तर थांबायचं. बाहेरून आला तर लावायचं.

फोरमन दिनानाथ घाई करत होता. चार वाजता पंप सुरू होऊन टाकीत पाणी भरणार होतं.

मी भोकात तोंड घातलं. सडका वास थेट नाकात गेला.

"केरू!"

"ओ..."

मागून आला. बाहेर ठेवलेल्या चहाच्या किटलीकडून.

मी वळूनही पाहिलं नाही. त्या वासातून सुटायचं होतं, बस. झाकण लावलं, सोळा नट आवळले.

हात धुताना लक्षात आलं...

केरूने पहिल्याच हाकेला ओ दिला?

किटलीपाशी कोणीच नव्हतं. केरूचा कप मात्र काठोकाठ भरला होता... त्याच काळ्या लगद्याने. वर माशाचा एक डोळा तरंगत होता.

"पंप लावू नका!" मी ओरडत पळालो. चार वाजायला सहा मिनिटं होती.

झाकण काढलं. केरू कोपऱ्यात पडला होता. डोळे उघडे. तोंडात लगदा ठासून भरलेला. मी बोटं घालून तो बाहेर काढला. खवले, शेपट्या, आणखी काय काय... मी तिथेच ओकलो. स्वतःचीसुद्धा किळस आली.

केरू वाचला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी त्याचे पाय धरले.

"एकच हाक मारली रे मी. चुकलो."

तो उशीवरून अर्धवट उठला.

"एक? मना दोन आयकू आल्या, दादा. तिसरीची वाट बघत व्हतो."

मग हळूच म्हणाला, "दुसरी... आतूनच आली. माज्या कानापाशी."

तेव्हापासून घरी मीही तिसऱ्या हाकेलाच ओ देतो. बायको चिडते.

परवा तिने दोनच हाका मारल्या होत्या. ती शपथेवर सांगते.

मी तीन ऐकल्या...

आणि ओ दिला.